जुने कपडे, नवी भांडी : दारावरच्या एका व्यापाराचा इतिहास

या पाठाची सुरुवात स्वयंपाकघरातून करू. घरातल्या फडताळावरची जुनी स्टीलची भांडी खाली काढा आणि त्यांच्यावर कोरलेली नावे वाचा. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव असते, कधी तारीखही असते. आता ज्या भांड्यांवर काहीच कोरलेले नाही ती बाजूला ठेवा आणि घरातल्या वयस्क बाईला विचारा, हे पातेले कुठून आले? काही दुकानातून आलेली असतील. पण पुष्कळ घरांत एखाद्या डब्याबद्दल उत्तर मिळेल : तीन साड्या आणि बाबांची एक पँट देऊन घेतला होता.

कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बाईला मराठीत बोहारीण म्हणतात. मुंबईच्या चाळींत ती भांडीवाली, हिंदी भागात बर्तनवाली. तुमच्या भाषेत आणखी वेगळा शब्द असेल. नाव काहीही असो, गेल्या शतकातल्या भारतीय शहराचा इतिहास शिकताना ही बाई पाठ्यपुस्तकात जवळजवळ भेटत नाही. गिरणी कामगार भेटतो, संप भेटतो, मालक आणि मजूर यांच्यातले करार भेटतात. टाकून दिलेल्या वस्तूंवर पोट भरणारी माणसे मात्र ‘इतर’ या रकान्यात जातात. ती तिथे का गेली, आणि अहमदाबादच्या काही बायकांनी त्या रकान्यातून बाहेर पडण्यासाठी काय केले, हे आपण पाहणार आहोत.

हाऱ्यातला धंदा

आधी हा धंदा नीट समजून घेऊ. वरवर पाहता ही देवघेव साधी वाटते. बाई दुपारी येते. पुरुष कामावर गेलेले असतात, जेवणे आटोपलेली असतात. डोक्यावरचा भांड्यांचा हारा उतरवून ती उंबऱ्यापाशी बसते. घरातली बाई कपाटातून कपडे काढते. मग घासाघीस. ‘या शर्टाची कॉलर विरली आहे.’ ‘ही साडी दोनदाच नेसली आहे.’ ‘एवढ्यात झाकण येईल, डबा येणार नाही.’ एकही रुपया हातात न येता व्यवहार पुरा होतो.

या व्यवहारात कौशल्य किती आहे ते लक्षात घ्या. कपडा हातात घेतल्याबरोबर तिला ठरवावे लागते की हा दुरुस्त होऊन अंगावर घालण्यासारखा आहे, की फाडून चिंध्याच कराव्या लागतील. काठात खरी जर आहे की नकली? खऱ्या जरीची जुनी साडी जाळून चांदी काढता येते, म्हणून तिची किंमत कापडाच्या स्थितीवर अवलंबून नसते. लोकर असेल तर गिऱ्हाईक वेगळे. हे सगळे गृहिणीच्या समोर, चेहऱ्यावर काहीही न दाखवता, काही क्षणांत ठरवायचे.

आणि भांडी? ती तिच्या मालकीची असतातच असे नाही. ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर किंवा सावकाराकडून पैसे घेऊन ती आणलेली असतात. म्हणजे घरोघर हिंडणारी ही बाई कर्जाचा बोजाही डोक्यावरच वाहत असते. दिवसभरात मिळालेली बोचकी विकून रोख पैसा आला की आधी व्याज, मग उद्याची भांडी, उरले तर घर. ती मजूर आहे की व्यापारी, हा प्रश्न इथेच उभा राहतो आणि पुढे तो बराच महत्त्वाचा ठरतो.

गुजरातमध्ये आणि गुजरातहून बाहेर गेलेल्या वस्त्यांमध्ये हा धंदा प्रामुख्याने वाघरी समाजातल्या बायकांकडे राहिला. हा समाज आज स्वतःला देवीपूजक म्हणवून घेतो. ‘वाघरी’ या शब्दाला गुजरातीत तुच्छतेचा वास चिकटला आहे. दिल्लीतही या समाजातल्या कुटुंबांनी हा व्यापार उभा केला आणि रघुबीर नगरमध्ये उजाडण्यापूर्वी भरणाऱ्या जुन्या कपड्यांच्या मंडीत आदल्या दिवशीची बोचकी सुटू लागली. मानववंशशास्त्रज्ञ लूसी नॉरिस यांनी दिल्लीतल्या या व्यापाराचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये पुस्तकरूपाने आला.

बोचके सुटल्यावर एकाच घरातले कपडे दहा दिशांना जातात. घालण्याजोगे कपडे धुऊन, रफू करून, बटणे लावून, इस्त्री करून आठवडी बाजारात जातात, आणि पहिल्यांदा शहरात आलेला मजूर तिथून आपला सदरा घेतो. मऊ सुती कापड फाडून यंत्रे पुसण्याच्या चिंध्या होतात. गॅरेजमध्ये तेलाचे हात पुसायला जे फडके असते ते कुणाच्या तरी धोतराचे किंवा साडीचे असू शकते. लोकरी कपडे पानिपतच्या कारखान्यांकडे जातात. तिथे ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटे विणतात. रेशमी साड्यांच्या उशा, पिशव्या होऊन त्या परदेशी जातात. टाकाऊ हा शब्द गृहिणीच्या कपाटापुरताच खरा आहे, मंडीत तो कुणी वापरत नाही.

देवघेवीची दुसरी बाजूही काळाबरोबर बदलली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टील मध्यमवर्गीय घरांत शिरले आणि तांब्या-पितळेची जागा घेऊ लागले. कल्हई नको, चिंचेने घासणे नको. स्टीलची हौस मोठी होती आणि हातात रोकड कमी, तेव्हा जुन्या कपड्यांच्या बदल्यात ते मिळणे ही सोय होती. पुढे प्लॅस्टिकचे टब आणि बादल्याही हाऱ्यात आल्या.

कागद नसलेला व्यवहार

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आता स्वतःला विचारा : याचा पुरावा कुठे शोधाल? पैसा फिरला नाही, म्हणून घरच्या जमाखर्चाच्या वहीत नोंद नाही. दुकान नाही, म्हणून परवाना नाही. पावती नाही. कर नाही. बरेचदा तर घरातल्या पुरुषालाही आपला सदरा कुठे गेला हे ठाऊक नसते. सरकारी कागदांत ही बाई उमटते ती बहुधा रस्ता अडवल्याबद्दल, म्हणजे पोलिसांच्या किंवा नगरपालिकेच्या नजरेतून. ज्याच्याशी आपला संबंध फक्त दंड वसूल करण्यापुरता आला, त्याच्याविषयी दप्तरात दुसरे काय सापडणार?

म्हणूनच अहमदाबादमध्ये १९७१ साली जे घडले ते मला या विषयात सर्वांत मोलाचे वाटते. तिथे या बायकांनी स्वतःचा कागद तयार केला.

अहमदाबाद हे गिरण्यांचे शहर. १९१८ च्या संपातून आणि अनसूया साराभाई व गांधीजींच्या पुढाकारातून १९२० मध्ये तिथे मजूर महाजन ही गिरणी कामगारांची संघटना उभी राहिली. तिची महिला शाखा १९५४ पासून होती, पण ती कामगारांच्या बायका-मुलींना शिवण वगैरे शिकवण्यासाठी. ज्या बायका स्वतः रस्त्यावर राबत होत्या त्यांचा विचार त्या रचनेत नव्हता. १९६८ मध्ये या शाखेची जबाबदारी इला भट्ट या तरुण वकील बाईंकडे आली. १९७१ मध्ये कापड बाजारात डोक्यावरून गाठी वाहणाऱ्या बायकांची तक्रार त्यांनी वर्तमानपत्रात मांडली. व्यापाऱ्यांनी उत्तर छापले की आम्ही रास्त मजुरी देतो. इलाबेनच्या शाखेने व्यापाऱ्यांचे हेच म्हणणे कार्डांवर छापून त्या बायकांना वाटले, म्हणजे आता छापल्याप्रमाणे द्या. युक्ती बाजारभर गाजली.

ती ऐकून महिला शाखेकडे आल्या जुने कपडे विकणाऱ्या बायका. त्यांच्या तक्रारी त्यांच्या होत्या. एका सार्वजनिक बागेत सभा झाली, शंभरावर बायका जमल्या, आणि त्यांच्यातलीच एक म्हणाली की आपली स्वतःची संघटना हवी. १९७१ च्या डिसेंबरात ‘सेवा’ ही संघटना जन्माला आली ती अशी. आज जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या या संघटनेच्या पायाभरणीत जुन्या साड्यांची बोचकी आहेत, हे सहसा कुणी सांगत नाही.

मग नोंदणीचा प्रश्न आला. कामगार खात्याची अडचण अशी की कामगार संघटना म्हणजे मालकाविरुद्ध लढणारी, आणि यांना मालकच नाही. लढणार कुणाशी? बायकांचे उत्तर होते की संघटना कुणाच्या विरुद्धच असावी लागते असे नाही, ती आपसांतल्या एकीसाठीही असते. इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देतो. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यातली व्याख्या जरूर वाचा. तिथे कामगार आणि मालक यांच्यातल्या संबंधांबरोबर कामगार आणि कामगार यांच्यातल्या संबंधांचाही उल्लेख आहे. म्हणजे या बायकांना कायद्याच्या मजकुराने अडवले नव्हते. ‘कामगार’ म्हटल्यावर अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो गिरणीतला माणूस उभा राहत होता, त्याने अडवले होते. एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली.

योगायोग असा की त्याच १९७२ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या केनियावरील अहवालाने ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञा जगभर नेली. अर्थशास्त्र या कामाला नाव शोधत होते. सेवाने ‘अनौपचारिक’, ‘असंघटित’ असे ‘अ’ लावलेले शब्द टाळून ‘स्वयंरोजगार करणाऱ्या’ असे नाव घेतले. नकारातून ओळख नको, हा त्यामागचा विचार.

दहा रुपयांचा भाग

संघटना झाली तरी सावकार होताच. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि गरिबांना कर्ज द्या असे धोरण होते. सेवाने आपल्या सभासदांना या बँकांपर्यंत नेले. पण मळक्या कपड्यांत, कडेवर पोर घेऊन, धंद्यातून सवड मिळेल त्या वेळी येणाऱ्या आणि सही न येणाऱ्या ग्राहकाशी कसे वागायचे हे बँकेच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. एका सभेत जुने कपडे विकणाऱ्या एका बाईनेच विचारले की आपली बँक का नको? आपल्याकडे भांडवल नाही, असे सांगितल्यावर तिने दिलेले उत्तर सेवाच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते : गरीब असलो तरी आपण संख्येने किती आहोत. सुमारे ४ हजार बायकांनी प्रत्येकी १० रुपये भाग भरला आणि १९७४ मध्ये सेवा सहकारी बँक सुरू झाली. नोंदणीच्या कागदांवर अंगठे चालणार नाहीत असे कळल्यावर प्रवर्तक बायका रात्रभर बसून आपापल्या नावाची सही गिरवायला शिकल्या. पासबुकावर खातेदाराचा फोटो लावण्याची पद्धत आली, कारण नाव वाचता येत नसले तरी चेहरा ओळखता येतो.

हाऱ्यातल्या भांड्यांवरचे व्याज आता स्वतःच्या बँकेला जाऊ लागले. धंदा तोच, पण हिशोब बदलला.

सगळेच सुटले असे मात्र मुळीच नाही. जागेचा प्रश्न चिघळतच राहिला. अहमदाबादला साबरमतीच्या काठी, एलिस पुलाखाली, रविवारी गुजरी बाजार भरतो. त्याची परंपरा सुलतान अहमदशाहाच्या काळापर्यंत, पंधराव्या शतकापर्यंत नेली जाते. जुने कपडे, भांडी, पुस्तके, मोडके पंखे, पलंग, सगळे तिथे विकायला असते. नदीकाठ सुशोभित करण्याचा प्रकल्प आला तेव्हा विक्रेत्यांना उच्च न्यायालयात जावे लागले. २०१४ मध्ये त्यांना ओटे असलेला नवा बाजार मिळाला. त्याच वर्षी संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केला. जागा मिळाली, पण ओट्यांची संख्या मोजकी असते आणि मातीत पथारी टाकणारी माणसे मोजकी नसतात.

हाच झगडा पुण्यात वेगळ्या वाटेने गेला. तिथे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत स्थापन झाली. बोहारीण उंबऱ्यावर मोबदला देऊन वस्तू घेते, तर कचरा वेचणारी कुंडीतून घेते. पण त्या बायकांचीही मागणी पैशाच्या आधी ओळखपत्राची होती. पाठीवर पोते घेऊन पहाटे रस्त्याने जाताना पोलिसाने हटकले तर दाखवायला काहीतरी हवे होते.

आज बोहारीण कमी दिसते. इमारतींच्या फाटकावर पहारेकरी उभा असतो आणि तो हारा आत जाऊ देत नाही. दुपारी घरी असणाऱ्या बायकाही कमी झाल्या. तयार कपडे इतके स्वस्त झाले आहेत की जुन्या शर्टाला मंडीत भाव येत नाही, आणि कृत्रिम धाग्याच्या कापडाची पुसायची चिंधीही चांगली होत नाही.

पुढच्या तासाला येताना एक काम करून या. आजी, आत्या, शेजारच्या काकू, कुणालाही विचारा : दारावर येऊन जुने कपडे कोण घेत असे? तिला तुमच्या भाषेत काय म्हणत? बदल्यात काय मिळे, आणि ते आजही घरात आहे का? ती बाई कुठून यायची, तिचे नाव काय होते, हा प्रश्न शेवटी विचारा. किती जणांना तिचे नाव आठवते, ते वहीत वेगळे लिहून आणा.