खडू-फळ्याच्या जोडीला पडदा : छात्राध्यापकाने तंत्रज्ञान निवडावे कसे?

प्राथमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारास बारावीनंतर शिक्षणशास्त्राची दोन वर्षांची पदविका पूर्ण करावी लागते. पूर्वी डी.एड. या नावाने परिचित असलेला हा अभ्यासक्रम आता डी.एल.एड. म्हणून ओळखला जातो. या काळात छात्राध्यापक प्रत्यक्ष शाळेत जाऊन सराव पाठ घेतात आणि प्रत्येक पाठाचे टाचण लिहितात. टाचणातील ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात एकेकाळी तक्ते, चित्रे, शब्दपट्ट्या, मणी आणि काड्या एवढेच असे. आता त्यात मोबाइल, प्रोजेक्टर, टॅबलेट आणि ध्वनिचित्रफितीही असतात. साधनांची यादी वाढली असली तरी रकाना भरण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न पूर्वीचाच आहे. या साधनामुळे वर्गातील मुलाला नेमके काय समजणार आहे, जे एरवी समजले नसते?

हा प्रश्न टाळला गेला तर नुकसान मुलाचे होते. पहिली ते चौथीच्या वयात वाचन आणि अंकज्ञान पक्के झाले नाही, तर पुढील इयत्तांतील प्रत्येक विषय अवघड होत जातो. ‘असर’ या ग्रामीण भागातील पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार, देशातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २३.४ टक्के होते. सराव पाठाची तासिका याच मुलांच्या वेळेतून घेतलेली असते.

उपग्रहापासून क्यूआर कोडपर्यंत

भारतीय प्राथमिक शाळेला तंत्रज्ञान नवे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविले गेले. त्यांपैकी सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. दूरदर्शनवरील तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी वाढली. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये आलेल्या ‘खडू-फळा’ मोहिमेचा भर मात्र मूलभूत गरजांवर होता. प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य मिळावे, हे तिचे उद्दिष्ट होते. २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठीच वाहिलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ आले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की त्या पाठाशी संबंधित साहित्य उघडते, ही सोय त्यातून सर्वत्र पोहोचली.

क्यूआर कोडची ही कल्पना महाराष्ट्रात प्रथम रुजविण्याचे श्रेय सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दिले जाते. २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटली. त्यांच्या कामातील एक बाब छात्राध्यापकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शाळेतील मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकाची भाषा त्यांना परकी वाटत होती. ही अडचण त्यांनी आधी ओळखली, मुलांना कळेल अशा भाषेत साहित्य तयार केले आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी कोडचा वापर केला. म्हणजे सुरुवात मुलाच्या अडचणीपासून झाली होती, यंत्रापासून नव्हे.

संशोधन काय सांगते?

केवळ साधन हाती दिल्याने शिक्षण होते काय, याची मोठी परीक्षा पेरू देशात झाली. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेखाली तेथे लाखो लॅपटॉप वाटण्यात आले. (याच योजनेचा भारतातील प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट येथील छोट्या शाळेत सुरू झाला होता.) इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पेरूतील मुलांच्या गणित व भाषेच्या गुणांत वाढ झाल्याचा पुरावा आढळला नाही.

याउलट चित्र बडोद्यात दिसले. तेथील महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे याप्रमाणे, गणिताचे खेळ देण्यात आले. ‘प्रथम’ संस्थेने राबविलेल्या या उपक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांच्या गणितात लक्षणीय प्रगती आढळली. या खेळांत उदाहरणांची काठिण्यपातळी मुलाच्या उत्तरांनुसार बदलत असे, हे त्यांचे वैशिष्ट्य होते.

लिंडन यांनी २००८ मध्ये मांडलेला गुजरातमधील ‘ज्ञानशाला’ वर्गांचा अभ्यास त्याहून बोलका आहे. एकच संगणकीय कार्यक्रम दोन पद्धतींनी वापरला गेला. जेथे तो शिक्षकाच्या नेहमीच्या अध्यापनाचा वेळ काढून घेऊन वापरला, तेथे मुले मागे पडली. जेथे तो शाळेच्या वेळेबाहेर, अध्यापनाला पूरक म्हणून दिला, तेथे मुलांना, विशेषतः मागे राहिलेल्यांना, लाभ झाला. यंत्र तेच, मुलांचे वयही तेच. फरक पडला तो ते शिक्षकाच्या जागी आले की शिक्षकाच्या जोडीला, यामुळे.

आशय, अध्यापन आणि तंत्र

शिक्षणशास्त्रात या विचाराला एक चौकट लाभली आहे. विषय ठाऊक असणे आणि तो शिकविता येणे या भिन्न गोष्टी असून त्यांच्या मिलाफातून शिक्षकाचे खास ज्ञान तयार होते, असे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडले. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. ही मांडणी ‘टीपॅक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्र यांचा मेळ प्रत्येक पाठागणिक नव्याने घालावा लागतो, हे तिचे सार.

दुसरी-तिसरीतील हातच्याची वजाबाकी हे त्याचे उत्तम उदाहरण. बावन्नातून सतरा वजा करताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून पाच दशकांपैकी एक दशक सुटे करावे लागते. अनेक मुले येथे उलट सातातून दोन वजा करून ‘पंचेचाळीस’ असे उत्तर लिहितात. पडद्यावरील चित्रफितीत दहाचा गठ्ठा आपोआप सुटतो आणि मूल ते पाहत राहते. प्रत्यक्ष काड्यांचा गठ्ठा त्याला स्वतःच्या हाताने सोडावा लागतो आणि सुटलेल्या दहा काड्या मोजून दोनांत मिळवाव्या लागतात. या टप्प्यावर दहा काड्या आणि एक रबर बँड हेच अधिक योग्य साधन ठरते. संकल्पना समजल्यानंतर सरावासाठी मात्र टॅबलेट उपयोगी पडतो. तो प्रत्येक उत्तर तत्काळ तपासतो आणि चुकणाऱ्या मुलास आणखी उदाहरणे देतो. चाळीस वह्या हाती असलेल्या शिक्षकास हे त्याच क्षणी शक्य नसते.

परिसर अभ्यासात याच्या उलट स्थिती आढळते. चंद्रकलांचा महिनाभराचा क्रम एका तासिकेत दाखविण्यास पडद्याइतके सोयीचे साधन नाही. त्याला घरी आकाश पाहून वहीत चंद्र काढण्याची जोड दिली म्हणजे झाले. बीज अंकुरताना मात्र चित्रफितीची गरज नाही. ओल्या फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड आलेले मूल स्वतः पाहू शकते.

भाषेच्या तासाला मोबाइलवरील ध्वनिमुद्रण बहुमोल ठरते. मुलाचे वाचन मुद्रित करून त्याचे त्यालाच ऐकविले, तर कोठे अडखळले हे त्याला उमगते. महिन्याने तोच उतारा पुन्हा मुद्रित केल्यास प्रगतीही दिसते. भिली, गोंडी वा कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात आजी-आजोबांच्या गोष्टी मुद्रित करून आणल्या, तर घरची भाषा प्रमाण मराठीकडे नेणारा पूल ठरू शकते. एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेत शिक्षक पहिलीच्या मुलांना अक्षरे शिकवीत असताना चौथीचा गट टॅबलेटवर सराव करू शकतो.

सराव पाठापूर्वी तपासावे असे काही

चित्रफीत आदल्या दिवशीच उतरवून घ्यावी. वर्गात इंटरनेट असेलच असे गृहीत धरू नये. खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात पडदा दिसतो का आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो का, हे स्वतः मागे बसून पाहावे. वीज गेल्यास पाठ कसा पुढे न्यायचा, हे टाचणातच लिहिलेले असावे. चित्रफीत सलग दाखवू नये. दोन-तीन मिनिटांनी थांबवून ‘आता काय होईल?’ असे विचारावे.

वेळेचे भानही राखले पाहिजे. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत ऑनलाइन वर्गांसाठी पहिली ते आठवीस दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे सुचविली होती. त्या सूचना करोनाकाळातील असल्या, तरी लहान मुलांच्या बाबतीत पडद्याला मर्यादा हवी हे तत्त्व वर्गातही लागू पडते. मुलांची छायाचित्रे वा ध्वनिमुद्रणे पालकांच्या संमतीशिवाय समाजमाध्यमांवर टाकणे सर्वथा टाळावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

पाठ यशस्वी झाला की नाही, हे मुलांच्या टाळ्यांवरून ठरत नाही; हलते चित्र पाहून मुले आनंदतातच. दुसऱ्या दिवशी पडदा न लावता, पाटीवर त्याच प्रकारची पाच उदाहरणे घालावीत. किती मुलांना ती सोडविता आली आणि न आलेली मुले कोणत्या पायरीवर अडली, याची नोंद टाचणाच्या शेवटी ठेवावी. शहरातील पालकांनाही शाळा निवडताना हीच कसोटी लावता येईल. वर्गात किती पडदे आहेत यापेक्षा, एखादे मूल अडले तर शिक्षकांना ते कसे कळते, हे शाळेत जाऊन विचारणे अधिक उपयोगाचे आहे.