सीमा ओलांडताच परवाना निरुपयोगी
अमेरिकेतील शस्त्रकायदे आणि आंतरराज्य प्रवास

ऑक्टोबर २०१३ मधील ही घटना. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात राहणारी, दोन मुलांची आई असलेली एक महिला मोटारीने शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेली होती. तेथे वाहतूक पोलिसांनी किरकोळ कारणावरून तिची गाडी थांबवली. आपल्याजवळ पिस्तूल आहे आणि ते बाळगण्याचा पेनसिल्व्हेनिया राज्याचा परवानाही आहे, असे तिने स्वतःहून पोलिसांना सांगितले. तिचा परवाना अस्सल होता. मात्र न्यू जर्सीत त्याला काडीचीही किंमत नव्हती. तिला अटक झाली आणि किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार तिच्या डोक्यावर आली. प्रकरण देशभर गाजल्यानंतर २०१४ मध्ये तिला तुरुंगवास टाळण्याची सवलत मिळाली आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली.

या महिलेने गुन्हा करण्याच्या हेतूने सीमा ओलांडली नव्हती. एका राज्याचा वाहनचालक परवाना जसा दुसऱ्या राज्यात चालतो, तसाच शस्त्रपरवानाही चालेल, अशी तिची समजूत होती. हीच समजूत आजवर अनेकांना महागात पडली आहे.

एक देश, अनेक कायदे

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ पासून नागरिकांना शस्त्र बाळगण्याचा अधिकार देते. तथापि शस्त्र कोणी, कोठे आणि कसे बाळगावे, याचे बहुतांश नियम राज्येच ठरवतात. संघराज्याचे कायदे किमान चौकट आखून देतात. त्यापुढे प्रत्येक राज्याचा मार्ग वेगळा आहे.

व्हरमाँट राज्याने पिस्तूल जवळ बाळगण्यासाठी परवान्याची अट कधीच घातली नाही. परवान्याविना पिस्तूल बाळगू देणाऱ्या राज्यांची संख्या २०२४ अखेर २९ झाली होती. याउलट न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून पिस्तुलावर कडक निर्बंध आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये परवान्याविना पिस्तूल घेऊन फिरणाऱ्यास किमान एक वर्ष तुरुंगवासाची तरतूद सत्तरच्या दशकात करण्यात आली. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया ही राज्ये इतर कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाहीत. अन्य अनेक राज्यांनी एकमेकांशी परस्पर मान्यतेचे करार केले आहेत. परंतु त्यांची यादी वेळोवेळी बदलत असते.

प्रश्न केवळ परवान्याचाही नाही. न्यू जर्सीत दहापेक्षा अधिक गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनला बंदी आहे. कोलोरॅडोत ही मर्यादा पंधराची आहे आणि अनेक राज्यांत ती मुळीच नाही. टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या बहुतेक ठिकाणी सर्रास विकल्या जातात, पण न्यू जर्सीत घराबाहेर त्या जवळ बाळगण्यावर निर्बंध आहेत. मेन राज्यातून पेनसिल्व्हेनियाकडे मोटारीने जाणारा प्रवासी एका दिवसात न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क ही चार राज्ये पार करतो. रस्ता तोच आणि गाडीही तीच असली, तरी पिस्तुलाचे कायदेशीर स्वरूप वाटेत पुनःपुन्हा बदलते.

१९८६ चे संरक्षण आणि त्याच्या मर्यादा

या गुंत्यातून प्रवाशाची सुटका व्हावी, म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये बंदूकमालक संरक्षण कायदा केला. तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर त्याच वर्षी मे महिन्यात स्वाक्षरी केली. त्यातील ९२६-अ या कलमानुसार, जेथे शस्त्र बाळगणे कायदेशीर आहे अशा ठिकाणाहून, जेथे ते तितकेच कायदेशीर आहे अशा दुसऱ्या ठिकाणी शस्त्र नेता येते. वाटेतील राज्याचा कायदा कितीही कडक असला, तरी तो या प्रवासाच्या आड येऊ शकत नाही.

मात्र त्यासाठी अटी आहेत. शस्त्रात गोळ्या भरलेल्या नसाव्यात. शस्त्र आणि काडतुसे गाडीत बसलेल्यांच्या हाताला सहज लागतील अशा जागी नसावीत; थोडक्यात, ती डिकीत असावीत. गाडीला स्वतंत्र डिकी नसेल, तर ती कुलूपबंद पेटीत ठेवावीत. डॅशबोर्डचा कप्पा किंवा दोन आसनांमधील कप्पा त्यासाठी चालत नाही. शिवाय निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या, अशा दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे प्रवाशासाठी कायदेशीर असले पाहिजे. फिलाडेल्फियाच्या महिलेला हे कलम उपयोगी पडले नाही, कारण तिचे पिस्तूल भरलेले आणि जवळच होते.

सर्व अटी पाळणाऱ्यालाही हे कवच कसे अपुरे पडते, हे २००५ मधील एका प्रकरणाने दाखवून दिले. युटा राज्यातील एक रहिवासी विमानाने पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे निघाला होता. बंदिस्त पेटीतील रिकामे पिस्तूल त्याने नियमानुसार सामानात दिले होते. न्यू जर्सीतील न्यूअर्क विमानतळावर त्याचे पुढचे विमान चुकले, सामानाचाही घोळ झाला आणि सामान ताब्यात घेऊन त्याला रात्र हॉटेलात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने पिस्तूल असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले आणि त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेण्यात आले, परंतु जप्त वस्तू परत मिळण्यास सुमारे तीन वर्षे लागली.

त्याने नुकसानभरपाईसाठी दावा लावला, तोही फेटाळला गेला. हॉटेलातील मुक्कामात सामान त्याच्या हाताशी होते, म्हणजे शस्त्र त्याच्या आवाक्यात होते. त्यामुळे त्या वेळी कलम ९२६-अ चे संरक्षण उरले नाही, असा निर्णय तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये दिला. प्रवाशाची यात काहीच चूक नसल्याची जाणीव न्यायालयाला होती. पण कायद्याचे शब्द बदलणे हे काँग्रेसचे काम आहे, अशी त्याची भूमिका होती.

या निकालाचा अर्थ सरळ आहे. कायदा प्रवासाला संरक्षण देतो, मुक्कामाला नाही. दुसरे असे की, हे कलम म्हणजे रस्त्यावर पोलिसांना दाखवण्याचा परवाना नव्हे. अटक झाल्यावर ते न्यायालयात बचाव म्हणून मांडता येते. पण तोपर्यंत कोठडी, जामीन आणि वकिलाचा खर्च चुकत नाही.

विमान, रेल्वे आणि उद्याने

विमानात शस्त्र केवळ सामान कक्षातूनच नेता येते. ते रिकामे, टणक आणि कुलूपबंद पेटीत असावे लागते आणि सामान देतानाच कंपनीला तसे सांगावे लागते. तरीही २०२३ मध्ये अमेरिकी विमानतळांवरील तपासणीत हातातील सामानात ६,७३७ शस्त्रे सापडली आणि त्यांतील सुमारे ९३ टक्के भरलेली होती. ॲमट्रॅक रेल्वेने शस्त्र न्यायचे असल्यास किमान २४ तास आधी कळवावे लागते.

राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून ज्या राज्यात उद्यान आहे, त्या राज्याचा कायदा लागू होतो. यलोस्टोन उद्यान वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो अशा तीन राज्यांत पसरलेले आहे. त्यामुळे तेथे अरण्यात फिरतानाही कायद्याची सीमा ओलांडली जाते. उद्यानातील संघराज्याच्या इमारतींत मात्र शस्त्राला मनाई आहे.

एकसूत्रीपणा अद्याप दूरच

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘विशेष कारण दाखवा, मगच परवाना’ ही अट घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे कडक राज्यांत परवाना मिळणे काहीसे सुकर झाले. परंतु दुसऱ्या राज्याचा परवाना मान्य करण्याचे बंधन त्यातून आले नाही. उलट न्यूयॉर्कने त्यानंतर लगेच नवा कायदा करून भुयारी रेल्वे, टाइम्स स्क्वेअर अशा ठिकाणी शस्त्रबंदी लागू केली.

सर्व राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत, असे विधेयक प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केले होते. सिनेटमध्ये ते अडकले. अशा कायद्याने सर्वांत सैल राज्याचा नियम सर्वांवर लादला जाईल, असा विरोधकांचा आक्षेप आहे. तर घटनादत्त हक्क राज्याच्या सीमेवर संपू नये, असे समर्थक म्हणतात. पोलिसांपुरता हा प्रश्न २००४ मध्येच सुटला. त्या वर्षीच्या कायद्याने सेवेतील आणि निवृत्त पात्र पोलिसांना देशभर लपवून शस्त्र बाळगण्याची मुभा दिली.

मराठी वाचकांसाठी

न्यू जर्सीत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. भारतात १९५९ चा एकच शस्त्र कायदा देशभर लागू आहे आणि परवाना कोणत्या क्षेत्रात वैध आहे, याची नोंद परवान्यावरच असते. त्यामुळे अमेरिकेतील ही विविधता आपल्याला चटकन उमगत नाही. त्यात एक महत्त्वाची बाब दुर्लक्षित राहते. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही अपवाद वगळता, संघराज्याच्या कायद्याने शस्त्र किंवा काडतुसे बाळगण्यास सरसकट मनाई आहे. ज्याला शस्त्र बाळगण्यास मनाई आहे, त्याला १९८६ च्या कायद्याचे संरक्षणही मिळत नाही. ग्रीन कार्डधारकांना शस्त्र बाळगता येते. पण शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास त्यांनाही देशाबाहेर काढले जाऊ शकते.

म्हणूनच मित्राच्या गाडीतून दूरच्या प्रवासाला निघताना डिकीत काय आहे, हे विचारून घेणे संकोचाचे मानू नये. ज्यांच्याकडे कायदेशीर शस्त्र आहे, त्यांनी निघण्यापूर्वी मार्गातील प्रत्येक राज्याचा चालू नियम पाहावा आणि वाटेत मुक्काम करावा लागल्यास तो कोठे करायचा, हे आधीच ठरवावे. न्यूअर्कला विमान चुकलेल्या प्रवाशाने शस्त्र कुलपात ठेवण्याची खबरदारी घेतली होती. एका अनपेक्षित रात्रीने ती व्यर्थ ठरवली.