पुरुमेंताचा हिशेब : पावसाळ्यातील काटकसरीचा गोमंतकीय स्वयंपाक

मे महिन्याच्या अखेरीस मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या परिसरात पुरुमेंताचे फेस्त भरते. सुकी सुंगटे, खारे बांगडे, लाल मिरच्या, आमसुले, चिंच, तिरफळे, कडधान्ये आणि मातीची भांडी यांनी रस्त्याच्या कडा भरून जातात. ‘पुरुमेंत’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून कोंकणीत रुळला. पावसाळ्यासाठी आगाऊ करून ठेवलेली बेगमी, असा त्याचा अर्थ. फेस्ताचे निमित्त चर्चचे असले, तरी हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांतील माणसे या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या खरेदी करीत आली आहेत.

या खरेदीमागे साधा हिशेब आहे. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी सुरू होते आणि ताजी मासळी महाग होते. पालेभाज्या आणि टोमॅटो यांच्यासाठी गोवा बऱ्याच अंशी बेळगावावर अवलंबून आहे. घाटरस्त्यावर दरड कोसळली की मंडईतील भाव चढतात. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर भाजी सवलतीत मिळते, त्यामुळे थोडा दिलासा असतो. परंतु मोजक्या पगारात चालणाऱ्या घराचे गणित जून-जुलैत विस्कटते ते विस्कटतेच. अशा वेळी रोज नवा, रुचकर आणि पोटभरीचा स्वयंपाक कसा करावा, याचे उत्तर गोमंतकीय स्वयंपाकघराने फार पूर्वी शोधून ठेवले आहे. महाग जिन्नस वगळून बेचव जेवण करावे, असे ते उत्तर नाही. एका जिनसाकडून दोन-तीन कामे करून घ्यावीत, आणि दारात उगवते ते आधी वापरावे, ही त्यातील मुख्य रीत आहे.

एका नारळाचे तीन दिवस

गोमंतकीय स्वयंपाकातील सर्वांत खर्चीक नित्याचा जिन्नस म्हणजे नारळ. त्याचा वापर टप्प्याटप्प्याने केला, तर चार माणसांच्या घरात एक नारळ तीन दिवस पुरतो. मध्यम आकाराच्या नारळाचे साधारण अडीच ते तीन वाट्या खोबरे निघते. पहिल्या दिवशी त्यातील एक वाटी हुमणाच्या किंवा आमटीच्या वाटपासाठी घ्यावी. उरलेले खोबरे शीतकपाटात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी दीड वाटी खोबरे थोडे कोमट पाणी घालून वाटावे आणि पिळून दाट रस काढावा. हा रस सोलकढीला वापरावा. त्याच खोबऱ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा, पातळ रस काढावा. आळसांद्यांचे तोणाक किंवा भाजी शिजवताना साध्या पाण्याऐवजी हा रस घातला, की वाटप निम्मे केले तरी चव उणी वाटत नाही. उरलेला चोथा बहुतेक घरांत फेकला जातो. तो मंद आचेवर कोरडा होईपर्यंत भाजावा आणि लसूण, सुकी मिरची, दोन आमसुले व मीठ घालून खलबत्त्यात कुटावा. ही सुकी चटणी तिसऱ्या दिवशी पेजेबरोबर तोंडी लावणे म्हणून उत्तम लागते. शिल्लक राहिलेले मूठभर खोबरे पालेभाजीवर भुरभुरण्यास पुरते.

आंबटाची निवड

पावसाळ्यात टोमॅटो महाग झाला म्हणून आमटी अडत नाही, कारण टोमॅटो हा या स्वयंपाकात उशिरा आलेला पाहुणा आहे. त्याआधीची आंबटाची यादी बरीच मोठी आहे. भिरंडांची साल मिठासह उन्हात वाळवून केलेली आमसुले वर्षभर टिकतात. त्यांचा आंबटपणा सौम्य असल्याने ती सोलकढीला, माशांच्या हुमणाला आणि तुरीच्या आमटीला चालतात. चिंच अधिक दाट आणि गडद. ती कडधान्याच्या मसालेदार रस्स्याला शोभते. ओटंबाच्या वाळवलेल्या फोडी हुमणात पडतात. बिंबले ताजी असतानाच वापरावीत. आंबाडे पावसाळ्यात धरतात; गूळ, मोहरी आणि खोबरे घालून त्यांचे सासव होते.

आंबटाची निवड बदलली, की तीच तुरीची डाळ वेगळी लागते. सोमवारी आमसुलाची, बुधवारी चिंचगुळाची आणि शुक्रवारी तिरफळांची आमटी केली, तर घरातील कोणीही ‘पुन्हा तेच’ असे म्हणत नाही. तिरफळांची आतली काळी बी काढून टाकावी आणि साल किंचित ठेचून आमटी उतरवण्यापूर्वी घालावी. फार शिजवल्यास तिचा वास उडून जातो.

दारातली भाजी

पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत माळावर टाकळा उगवतो. गोव्यात त्याला तायखिळा म्हणतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि गावोगावच्या नाक्यांवर खेड्यांतील स्त्रिया त्याच्या जुड्या घेऊन बसतात. त्याची किंमत मेथीच्या जुडीपेक्षा बहुधा कमीच असते. चार माणसांसाठी कृती अशी : १२ ते १५ आठळ्या (फणसाच्या बिया, ज्यांना गोव्यात घोट्यो म्हणतात) मिठाच्या पाण्यात उकडून, सोलून त्यांचे तुकडे करावेत. दोन चमचे खोबरेल तेलात एक चिरलेला कांदा व दोन हिरव्या मिरच्या परताव्यात. चार वाट्या चिरलेला कोवळा पाला घालून झाकण ठेवावे. पाला शिजत आला, की आठळ्या, मीठ आणि पाव वाटी खोबरे घालून पाणी आटू द्यावे. आठळ्यांमुळे भाजीला भरीवपणा येतो आणि एक जुडी चौघांना पुरते.

तेरे, म्हणजे रानअळू, हीदेखील पावसाळ्याची देणगी. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांमुळे घशाला आणि हातांना खाज सुटते. म्हणून चिरण्याआधी हातांना तेल लावावे, आंबाडा, ओटंब किंवा चिंच यांपैकी एक आंबट सढळ हाताने घालावे, आणि भाजी पूर्ण गळेपर्यंत शिजवावी. बांबूचे कोंब सोलून, बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवावेत, पाणी बदलावे आणि उकडून ते पाणीही टाकून द्यावे. त्यांतील विषारी द्रव्य असेच निघून जाते. घाई केली तर नव्हे.

पाला ओळखता येत नसेल, तर तो स्वतः खुडू नये. टाकळ्याच्या एका देठावर पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि त्यांची टोके गोलसर असतात. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याच्या पर्णिका अधिक आणि टोकदार असतात. तो खाण्यासाठी घेऊ नये. रस्त्याच्या कडेचा, गटाराजवळचा किंवा तणनाशक फवारलेल्या जागेतला पाला टाळावा. वारुळावरची अळमी चवीला अपूर्व असली, तरी ती काटकसरीच्या यादीत बसत नाहीत. त्यांचा भाव चढा असतो, आणि अनोळखी अळंबी खुडून खाणे जिवावर बेतू शकते.

कडधान्य, पेज आणि मूठभर सुंगटे

मासळी नसलेल्या दिवशी प्रथिनांची उणीव कडधान्याने भरून काढावी. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यात मेथिओनिन कमी असते. भात आणि आमटी एकत्र खाल्ली, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. एक वाटी मूग रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, की ते सुमारे अडीच ते तीन वाट्या होतात. त्यांच्या मुगागाठी चौघांच्या जेवणाला पुरतात. मोड आणल्याने कडधान्य लवकर शिजते, म्हणजे गॅसचीही बचत होते.

उकड्या तांदळाची पेज हा गरिबीचा पदार्थ मानण्याची चूक अनेकांकडून होते. भात साळीसकट उकडताना सालीलगतची काही ‘ब’ जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात. त्यामुळे सडल्यावरही उकडा तांदूळ पांढऱ्या तांदळापेक्षा अधिक पोषक राहतो. एक वाटी तांदूळ दोन तास भिजवून सहा-सात वाट्या पाण्यात शिजवावा. सोबत चेपणीतले तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात दाबून ठेवलेल्या लहान कैऱ्या, किंवा भाजलेला खारा बांगडा असला, की सकाळचे जेवण पूर्ण होते.

सुक्या सुंगटांचे किसमूर हा थोड्यात पुष्कळ करण्याचा नमुना आहे. ५० ग्रॅम सुकी सुंगटे डोकी-शेपट्या काढून तव्यावर कुरकुरीत भाजावीत. त्यांत एक बारीक चिरलेला कांदा, अर्धी वाटी खोबरे, थोडी मिरचीपूड आणि चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचे पाणी घालून हाताने कालवावे. हे जेवणाच्या अगदी आधी करावे. आधी करून ठेवल्यास सुंगटे मऊ पडतात. मिठाचा अंदाज सुंगटे चाखूनच घ्यावा. रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी खारी मासळी बेतानेच खावी.

उरलेल्याचे नवे

रात्रीचा भात झाकून शीतकपाटात ठेवला असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याचे पोळे होतात. दोन वाट्या तांदूळ चार तास भिजवावेत, त्यांत एक वाटी उरलेला भात आणि अर्धी वाटी खोबरे घालून बारीक वाटावे आणि मीठ घालून तव्यावर जाळीदार पोळे काढावेत. पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्यावर राहिलेला भात मात्र वापरू नये. कच्च्या केळ्यांच्या साली बारीक चिरून, उकडून त्यांची चवळीबरोबर सुकी भाजी होते. दोडक्याच्या शिरा आणि साली तिळाबरोबर परतून त्यांची चटणी होते. पिकून जून झालेली तवशी किसून, रवा व गूळ घालून तिची तवसळी करता येते.

चतुर्थीच्या खतखत्यामागेही हेच तत्त्व आहे. सुरण, कणगी, माडी, मका, शेंगा, कच्ची केळी यांपैकी कोणतीही एक भाजी पुरेशी नसते. परंतु प्रत्येकीचे मूठभर तुकडे तुरीच्या डाळीत एकत्र आले, की मोठे पातेले भरते. हे पातेले वर्षातून एकदाच चढले पाहिजे, असा काही नियम नाही. आठवड्याच्या शेवटी टोपलीत उरलेल्या भाज्यांचे लहानसे खतखते कोणत्याही शनिवारी होऊ शकते.

६१ दिवसांची बेगमी

चार माणसांच्या घराचा अंदाज असा बांधता येतो. दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ धरल्यास ६१ दिवसांना सुमारे ३७ किलो लागतात. एक दिवसाआड २०० ग्रॅम कडधान्य, म्हणजे सुमारे सहा किलो. आठवड्यातून एकदा किसमूर करावयाचे असेल, तर अर्धा किलो सुकी सुंगटे पुरतात. त्याखेरीज अर्धा किलो आमसुले, अर्धा किलो चिंच आणि मूठभर तिरफळे. सर्व एकदम घेणे परवडत नसेल, तर एप्रिलपासून दर आठवड्याला एक जिन्नस घ्यावा. साठवण्यापूर्वी कडधान्यांना आणि सुक्या मासळीला कडक ऊन द्यावे, आमसुले चिनी मातीच्या बरणीत ठेवावीत, आणि पावसात उघडीप मिळेल त्या दिवशी मासळीचा डबा पुन्हा उन्हात मांडावा. आठळ्या मातीत घोळून वाळवल्या, तर चतुर्थीपर्यंत टिकतात.

हिशेबात न धरलेला खर्च

या काटकसरीचे गोडवे गाताना एक खर्च नेहमी राहून जातो. नारळ खवणे, रस पिळणे, पाला निवडणे, सुंगटे सोलणे या कामांना पैसे पडत नाहीत. पण वेळ पडतो, आणि तो वेळ बहुतेक घरांत एकाच बाईचा असतो. पूर्वी एकत्र कुटुंबात ही कामे चार हातांत वाटली जात. आता दोघेही नोकरी करणाऱ्या घरात ती एकीवर पडली, तर दोन आठवड्यांत कंटाळून बाहेरून जेवण मागवले जाते आणि महिन्याची बचत त्यात संपते.

म्हणून पुरुमेंताचा पहिला नियम सामानाचा नसून कामाचा असावा. रविवारी दोन तास सर्वांनी मिळून नारळ खवून ठेवावेत, लसूण सोलावी, कडधान्ये भिजत घालावीत, आठळ्या उकडाव्यात. घरातील मुलगा आणि मुलगी दोघांनाही टाकळा आणि कासविंदा यांतील फरक दाखवावा. माळ डोंगरकापणीत नाहीसे होत आहेत, आणि पाला ओळखणारे डोळेही तितक्याच वेगाने कमी होत आहेत. घरात एखादी आजी, मावशी किंवा शेजारीण हे जाणणारी असेल, तर यंदाचा पहिला पाऊस पडून टाकळा उगवला, की तिच्याबरोबर एकदा माळावर जाऊन यावे.