कर्ण्याच्या प्रतिसादाचे दप्तर

चंद्रशेखर वेंकट रामन हे सरकारी हिशेबखात्यात अंमलदार असताना, रंगूनहून बदली होऊन 1910 च्या सुमारास काही काळ नागपुरास होते. आणि दिवसा जमाखर्चाचे कागद तपासणाऱ्या या तरुणाने उरलेल्या वेळात ध्वनी व कंपन यांचा जो व्यासंग चालविला होता, त्याचे एक फळ म्हणजे हिंदी तंतुवाद्यांवरील त्यांचा 1921 चा निबंध होय. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित वक्र असतो व तारेखाली सूत सरकवलेले असते, यामुळे तार कंप पावताना त्या पृष्ठभागास वारंवार स्पर्श करते आणि छेडण्याच्या स्थानामुळे जे उपस्वर लोपावयास हवेत तेही स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांनी दाखविले. मिरजेच्या कारागिरांना ही जवारी हातानेच अवगत होती. तिच्याखाली पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा नसता, तर मात्र ते स्वर मैफलीच्या पहिल्या रांगेपर्यंतही पोचले नसते.

भरीव लाकडाच्या विद्युत् गिटारला असा भोपळा नाही. तिचा भोपळा म्हणजे तिच्यापासून दूर ठेवलेले, बहुधा बारा इंची कागदी शंकूचे, ध्वनिक्षेपकाचे कॅबिनेट होय. हा शंकू सुमारे पाच हजार हर्ट्झच्या वरचा ध्वनी फारसा बाहेर पडू देत नाही; आणि हे न्यूनच त्याचा गुण ठरते, कारण अॅम्पचा विरूपित आवाज कॅबिनेटला वगळून थेट मुद्रणयंत्रात घेतला तर नुसती करकर ऐकू येते. म्हणून 1924 साली इंग्लंडात स्थापन झालेल्या सेलेस्टियनसारख्या कंपनीच्या ध्वनिक्षेपकापुढे मायक्रोफोन मांडून मुद्रण करण्याचा प्रघात पडला. 1971 च्या ‘दम मारो दम’मधील भूपिंदर सिंग यांची गिटार आपण ऐकतो तेव्हा वस्तुतः बोटे, अॅम्प, शंकू, मायक्रोफोन आणि मुंबईतील त्या मुद्रणगृहाच्या भिंती या साऱ्यांचा संयुक्त प्रतिसादच आपल्या कानी पडत असतो.

या प्रतिसादाची नोंद घेऊन तो स्थळापासून अलग करता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास विद्युत् गिटारहून जुना आहे. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते, कारण तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे ते सुधारण्याचे काम सोपविण्यात आले तेव्हा त्याने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील गाद्या रात्री उचलून आणाव्यात, ऑर्गनची नळी वाजवून घुमार विरेपर्यंतचा काळ मोजावा आणि पहाटेपूर्वी गाद्या जागच्या जागी परत नेऊन ठेवाव्यात, असा क्रम दीर्घकाळ चालविला; आणि त्यातून दालनाचे आकारमान व त्यातील शोषक पृष्ठभाग यांच्याशी अनुरणनकाळाचे नाते सांगणारे ते सूत्र सिद्ध झाले, ज्याच्या आधारे बोस्टनचे सिंफनी सभागृह 1900 साली उभे राहिले. मुद्रणगृहांनी पुढे रिकाम्या खोल्यांत ध्वनी सोडून तो परत टिपण्याची युक्ती योजिली, आणि 1957 साली जर्मनीतील ईएमटी कंपनीने खोलीच्या जागी ताणलेला पोलादी पत्रा आणला. परंतु या सर्व उपायांत एका घुमाराची जागा दुसऱ्याने घेतली, एवढेच झाले. एखाद्या विशिष्ट स्थळाचा स्वभाव जसाच्या तसा उतरवून घेणे अद्याप साधले नव्हते.

ते का आवश्यक होते, याचा दाखला व्हेनिसने दिला. तेथील ला फेनिचे हे जुने संगीतगृह जानेवारी 1996 मध्ये जळून खाक झाले. तथापि त्या दुर्घटनेच्या थोडेच आधी इटालियन ध्वनिशास्त्रज्ञांनी त्या गृहाचे प्रतिसाद मोजून ठेवले होते, आणि 2003 साली पुन्हा उघडलेल्या वास्तूच्या उभारणीत नाहीशा झालेल्या दालनाचा आवाज या नोंदीरूपाने हाताशी होता. त्याच अभ्यासकांपैकी आंजेलो फारिना याने 2000 साली पॅरिसच्या परिषदेत मोजणीची जी रीत मांडली, ती आज सर्वत्र रूढ आहे: खर्जापासून अतितारापर्यंत क्रमाने चढत जाणारा एक सूर सोडावा, परत आलेला ध्वनी टिपावा, आणि गणिताने त्यातून मूळ सुराचा वाटा काढून केवळ स्थळाचे उत्तर शिल्लक ठेवावे. याच उत्तरास इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. खोलीच्या जागी गिटारचे कॅबिनेट ठेवले की त्याचीही अशीच नोंद होते. 2017 पासून सेलेस्टियन कंपनी स्वतःच आपल्या ध्वनिक्षेपकांच्या नोंदी विकू लागली.

ही नोंद वाजवून दाखविणारे साधन म्हणजे लोडर. त्यांपैकी कोणाचा आवाज सरस, हा वाद गिटारवादकांत मोठ्या हिरिरीने चालतो. माझ्या मते त्याचा रोख चुकतो. लोडर जे करतो ते एकच गणित आहे, ज्याला 1965 च्या कूली-टूकी पद्धतीने वेग दिला आणि 1995 साली विल्यम गार्डनर याने विलंबावाचून करण्याची तोड काढली. तीच नोंद, तीच लांबी व तीच पातळी ठेवून दोन निर्दोष लोडरांचे निष्पन्न परस्परांतून वजा केले, तर जवळजवळ निःशब्द शांतताच उरते. भेद पडतो तो अन्यत्र. काही उपकरणे नोंदीचे पहिले 1024 नमुनेच वापरतात. सेकंदास 48,000 नमुने या दराने ही लांबी जेमतेम 21 मिलिसेकंद भरते, आणि तेवढ्यात सुमारे 47 हर्ट्झहून बारीक भेद ओळखता येत नाहीत. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झला बोलते, म्हणजे खर्जाचा तपशील तेथेच पुसट होतो. नमुन्यांचा दर बदलताना झालेली हेळसांडही ऐकू येते. सर्वांत फसवी बाब पातळीची: एक लोडर दुसऱ्यापेक्षा डेसिबलभर जरी मोठा वाजला, तरी कान त्यालाच सरस ठरवितो, आणि तुलनेचा निवाडा तेथेच अशुद्ध होतो.

याहून गंभीर मर्यादा नोंदीच्याच स्वभावात आहे. फारिनाच्या रीतीत शंकूवर ताण पडून उद्भवणारे विरूपण वेगळे पडते आणि बहुधा टाकून दिले जाते. परिणामी उत्तम लोडरदेखील शंकूचा शांत स्वभाव सांगतो, त्याचे आर्त ओरडणे सांगत नाही.

हे सारे मी आंधळगावसंबंधी विचार करताना लिहीत आहे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील हे कोसा विणणाऱ्यांचे गाव ज्या मुलखात मोडते, त्या झाडीपट्टीत धान घरी आले की मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत रंगते, नाटके रात्रभर चालतात. आणि या रंगभूमीच्या सेवेबद्दल परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री देऊन सरकारनेही तिची दखल घेतली आहे. या नाटकांचा ध्वनी म्हणजे केवळ नटाचा कंठ नव्हे. कापडी कनातींचा मांडव, मोकळी बांधी, थंडीचे दव, आणि मधल्या पट्टीपलीकडे फारसे काही न बोलणारा पत्र्याचा कर्णा, हे सर्व त्यात मिसळलेले असते. असे कर्णे मागे पडून आता सर्वत्र मोठमोठ्या ध्वनिपेट्या येत आहेत. व्हेनिसच्या संगीतगृहाचा प्रतिसाद जसा वेळीच नोंदला गेला तसा झाडीपट्टीच्या मांडवाचाही नोंदला जावा, इतका तो मोलाचा आहे असे मी मानतो.

खर्च मोठा नाही. कर्णा, चढत्या सुराची पंधरा-वीस सेकंदांची फीत, एक भरवशाचा मायक्रोफोन आणि वारा नसलेली वेळ एवढ्यावर भागते. नोंद मांडव रिकामा असताना एकदा आणि प्रेक्षक दाटून बसल्यावर एकदा घ्यावी, कारण माणसांची शरीरे व घोंगड्या ध्वनी शोषतात. कर्ण्याची उंची, त्याचे तोंड कोणत्या दिशेस होते, मायक्रोफोनचे अंतर आणि हवेचे तापमान हा मजकूर त्याच दिवशी कागदावर उतरवून नोंदीसोबत ठेवावा. आणि रात्री तीनच्या सुमारास खलनायकाच्या पल्लेदार भाषणाला कर्ण्याचा आवाज फाटतो तो कोणत्याही इम्पल्स रिस्पॉन्समध्ये मावणार नाही, म्हणून त्या प्रवेशाचे साधे, सरळ, अखंड मुद्रणही शेजारी जपावे.