जड पाण्याची बखर

बखर म्हटली की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. माझी बखर आहे काचेच्या एका पेटीची. लांबी दोन हात, रुंदी एक हात. आणि लढाई पाण्याशी.

लातूरच्या पाण्याची ओळख आम्हाला स्वयंपाकघरातच झाली. ज्या गावाच्या तूरडाळीने देशभराच्या बाजारात नाव काढले, त्याच गावात बोअरच्या पाण्यात ती शिजता शिजत नाही! साबणाला फेस येत नाही, घागरीच्या काठाला पांढरी पुटे चढतात. आई त्याला 'जड पाणी' म्हणे. शाळेच्या पुस्तकाने 'दुष्फेन' हा शब्द शिकवला. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन वायू पोटात घेऊन काळ्या फत्तरात झिरपते आणि त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून वर येते. जडपणाचे मूळ एवढेच.

2014 साली नातीच्या हट्टापायी मत्स्यपेटी घरात आली. सोबत तांबड्या पानांच्या नाजूक वनस्पती आणि मूठभर गप्पी मासे. महिनाभरात वनस्पती कुजल्या. मी आधी दुकानदाराला दोष दिला, मग नशिबाला. शेवटी पुस्तके उघडली.

तिथे दोन गृहस्थ भेटले. पहिले ॲबर्डीनचे रसायनाचे प्राध्यापक थॉमस क्लार्क. जड पाण्यात चुन्याची निवळी घालून त्यातलाच चुना खाली बसवायचा, अशी काट्याने काटा काढण्याची कृती त्यांनी 1841 साली आपल्या नावे नोंदवली. साबणाचे द्रावण किती घातल्यावर फेस टिकतो, यावरून जडपणा मोजण्याची रीतही त्यांचीच. म्हणजे आमच्या आईने धुण्याच्या दगडावर रोज घेतलेली परीक्षाच ती. फक्त तिने तिला अंश लावले नव्हते.

दुसरे लंडनचे रॉबर्ट वॉरिंग्टन. 1850 साली त्यांनी 12 गॅलन पाण्याच्या भांड्यात सोनमासे ठेवले, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि कुजकी पाने खायला गोगलगायी सोडल्या. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी वनस्पतीला खाद्य द्यावे, असा तो संसार. घरोघरच्या मत्स्यपेट्यांची वंशावळ इथवर पोहोचते. आणि गंमत अशी, की ही वनस्पती आपल्याकडच्या नद्यांतही वाढते!

मी परीक्षेची बाटली मागवली. चमचाभर पाण्यात थेंब टाकत जायचे. रंग पालटेपर्यंत जितके थेंब, तितके जर्मन अंश. एक अंश म्हणजे लिटरमागे 10 मिलिग्रॅम चुना. आमच्या बोअरचे पाणी 24 थेंबांना पालटले, पेटीतले 31 ला! चूक लख्ख दिसली. उन्हाळ्यात पाणी आटे आणि मी इमानाने बोअरचे ओतीत असे. वाफ उडून जाई, चुना मागे राही. माझी सेवाच त्या जिवांच्या मुळावर आली होती.

मग 2016 उजाडले. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली. घरातून टोमणा आला, "माणसाला प्यायला पाणी नाही, अन् तुमचे मासे पोहायलेत!" मला उत्तर सुचेना.

12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. पुढे वाघिणी 50 झाल्या. लातूर, कुर्डुवाडी आणि मिरज यांना जोडणारा रेल्वेमार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांचा. ती गाडी 1911 साली लातूरला पोहोचली होती आणि 1927 साली मिरजेला. तो मार्ग आखणाऱ्यांनी स्वप्नातही पाहिले नसेल, की एक दिवस त्यावरून पाणी धावेल.

टँकरचे पाणी घरी आले तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, एक तांब्या माशांना देऊ या?"

"नको बाळ, ते माणसांसाठी आलंय."

"मग मासे लातूरचे नाहीत का?"

मी तांब्या दिला नाही. आजही ते आठवले की मन खट्टू होते. पण त्या पाण्याचा चमचाभर मी मोजला. निम्म्याहून कमी थेंबांत रंग पालटला.

जूनमध्ये पाऊस आला. पहिल्या सरीने गच्ची धुऊन जाऊ दिली आणि पुढचे पाणी पिंपात धरले. एकदम ओतले असते तर बदलाच्या धक्क्यानेच मासे गेले असते. म्हणून रोज तांब्याभर. नुसते पावसाचे पाणीही चालत नाही. थोडा चुना नसेल तर पाण्याचा आम्लपणा सावरत नाही. 14 अंशांवर आलो आणि थांबलो. तांबड्या पानांचा मोह सोडून व्हॅलिस्नेरिया लावली. पाण्यातला कार्बन वायू सरला, तर ती चुन्याशी बांधलेला कार्बन सोडवून घेते आणि चुना पानावर ठेवते. ती पांढरी पुटे मला रोग वाटत. तो तिचा जेवणानंतरचा पसारा होता! गप्पींना तर थोडे जड पाणीच मानवते.

त्याच पावसाळ्यात मांजरा भरून वाहिली. गच्चीवरचे पिंप मात्र तिथेच आहे. नात आता पुण्यात शिकते. दिवाळीला आली की पिशवी खाली ठेवण्याआधी विचारते, "आजोबा, किती थेंब?"