फ्री थ्रोमधला ‘फ्री’

बास्केटबॉलमधल्या फ्री थ्रोतला ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. रेषेमागे उभे राहून, कोणी हात आडवा न घालता केलेली फेक, म्हणजेच निर्वेध फेक, असा त्याचा अर्थ आहे.

या शब्दाचे मूळ बास्केटबॉलच्या आधीचे आहे. लंडनमध्ये १८६३ साली लिहिलेल्या फुटबॉलच्या नियमांत ‘फ्री किक’ आढळते. पण तिथे ती फाउलची भरपाई नव्हती. चेंडू स्वच्छ झेलणाऱ्याला ती बक्षीस म्हणून मिळे. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे गेलेल्या चेंडूला आधी स्पर्श करणाऱ्या संघालाही गोलरेषेपासून १५ यार्डांवरून ती मिळे आणि किक होईपर्यंत प्रतिपक्षाने रेषेमागेच थांबायचे असे. ठरलेले अंतर, एकटा खेळाडू, थोपवून धरलेला प्रतिपक्ष: फ्री थ्रोची सगळी मांडणी इथे तयार दिसते.

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड इथे बास्केटबॉल रचला, तेव्हा १३ नियमांत फ्री थ्रो नव्हता. दुसरा फाउल करणारा पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसे आणि एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले की प्रतिपक्षाला आयता गोल मिळे. १८९४ मध्ये २० फुटांवरचा फ्री थ्रो आला. लगेच पुढच्या वर्षी रेषा १५ फुटांवर आणली गेली.

फुटबॉलची पेनल्टी किकही १८९१ चीच, तीही सुरुवातीला १२ यार्डांच्या रेषेवरून घेतली जाणारी. म्हणून तिलाच फ्री थ्रोची जननी मानण्याचा मोह होतो. पण पेनल्टी गोलजवळच्या गंभीर आगळिकीसाठी होती, फ्री थ्रो मैदानात कुठेही झालेल्या फाउलसाठी. कल्पना नेस्मिथ यांच्या तीन फाउलांच्या नियमातूनच फुटली, हे अधिक पटते: आयता मिळणारा गोल आता नेम साधून कमवायचा. नाव मात्र फुटबॉलकडूनच आलेले असणार. नेस्मिथ मॅकगिल विद्यापीठात रग्बी खेळलेले होते आणि पहिला सामना फुटबॉलच्याच चेंडूने झाला होता.

पुढे फ्री थ्रोचा एक गुण ठरला. तरीही संघातला हुकमी नेमबाजच सगळ्यांच्या वतीने फेक करी. १९२३-२४ च्या हंगामापासून ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच फेकायचे ठरले आणि भरपाई खऱ्या हक्कदाराच्या हाती आली. रेषेपुढचा पट्टा तेव्हा सहाच फूट रुंद होता. वरचे वर्तुळ जोडले की तो कुलपाच्या भोकासारखा दिसे. एनबीएने १९५१ मध्ये तो १२ फुटांचा केला, पण ‘की’ हे त्याचे नाव टिकून आहे.