फवाऱ्यातल्या औषधाचं कूळ

सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या मुलांना नेब्युलायझरमधून अँटिबायोटिक देतात. या उपचाराचं कूळ शोधत मागे गेलं, की वाटेत केळं लागतं. फैजपूरकरांना हे सांगताना मला विशेष जिव्हाळा वाटतो, कारण यावल-रावेरच्या या पट्ट्यात कितीतरी घरांचं वर्षाचं गणित केळीच्या घडांवरच बसतं.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी ‘सीलिअॅक’च्या मुलांना केळ्यांचा आहार सुरू केला. पोट फुगलेली, हातापायांच्या काड्या झालेली, तेलकट शौच होणारी ही मुलं केळ्यांवर अंग धरू लागली. खरा वैरी गहू होता आणि या आहारात तो नसे. हे उमजायला आणखी पाव शतक गेलं. त्याच नावाखाली मोडणारी काही मुलं मात्र आहार बदलूनही सावरत नसत. ती खोकत राहत आणि शेवटी न्यूमोनिया त्यांना घेऊन जाई.

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. त्याच वर्षी झुरिकच्या डॉ. ग्विडो फँकोनी यांनी अशा मुलांत स्वादुपिंड आणि फुप्फुसं दोन्ही बिघडलेली असतात, असं नोंदवलं. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधल्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी ४९ मुलांच्या नोंदी एकत्र मांडून हा आजार, म्हणजेच सिस्टिक फायब्रोसिस, सीलिअॅकपासून वेगळा काढला. माझ्या मते औषधाची कुळकथा इथेच सुरू होते. नावच चुकीचं असेल तर औषध द्यायचं कुणाला?

पेनिसिलिन महायुद्धातून बाहेर पडलं आणि १९४६ मध्ये डॉ. पॉल दि सांत अन्येझे आणि अँडरसन यांनी त्याचा फवारा या मुलांना श्वासातून दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आपल्या घरांत नेब्युलायझरला सर्रास ‘वाफ’ म्हणतात, पण ओव्याचा गरम वाफारा वेगळा. इथे औषधाच्या पाण्याचं बारीक धुकं फुप्फुसात उतरतं.

पेनिसिलिनने स्टॅफिलोकॉकस या जंतूला आवर घातला. मुलं थोडी अधिक जगू लागली आणि दुसरा जंतू पुढे आला: स्यूडोमोनास. तो माती-पाण्यात सगळीकडे असतो. निरोगी फुप्फुस त्याला झटकून टाकतं. या मुलांच्या पेशींतली मीठ-पाण्याची ये-जा बिघडलेली असते, म्हणून कफ डिंकासारखा चिकट होतो. त्या कफात हा जंतू ठाण मांडतो आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतो. कोपनहेगनच्या नील्स हॉयबी यांनी या जंतूंच्या वसाहतींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. एकदा आवरण पक्कं झालं, की हा जंतू क्वचितच मुळासकट निघतो. त्याला दाबून ठेवत राहावं लागतं. त्यावरचं टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक शिरेतून दिलं तर कफापर्यंत थोडंच पोचतं आणि डोस वाढवला तर कान आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. त्यामुळे डॉक्टर पुन्हा फवाऱ्याकडे वळले. १९८१ मध्ये लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधून अँटिबायोटिकच्या फवाऱ्याच्या चाचणीचे चांगले निष्कर्ष आले. १९९९ मध्ये अमेरिकेत डॉ. बॉनी रॅमसे आणि सहकाऱ्यांनी ५२० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली: टोब्रामायसिन ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, २८ दिवस घ्यायचं आणि २८ दिवस थांबायचं. रुग्णांचा श्वास सुधारला.

मला त्याहून मोठं वाटतं ते डेन्मार्कचं १९९१ चं काम. स्यूडोमोनास पहिल्यांदा सापडताच, काही त्रास नसतानाही, तिथल्या डॉक्टरांनी कोलिस्टिनचा फवारा आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या सुरू केल्या. बऱ्याच मुलांत संसर्ग जुनाट व्हायचा टळला.

पण इतक्या लवकर उपचार व्हायचा तर आजारही लवकर कळायला हवा. आपल्याकडे हा गोऱ्यांचा आजार म्हणून फार काळ बाजूला ठेवला गेला आणि सतत खोकणाऱ्या पोराला बाळदमा किंवा क्षय म्हणून औषधं मिळत राहिली. खूण तर घामातच असते. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेने कोसळलेल्या मुलांत या आजाराची मुलं फार दिसली आणि १९५३ मध्ये दि सांत अन्येझेंनी त्यांच्या घामात जादा मीठ असल्याचं दाखवलं. खानदेशातल्या मे महिन्यात मुका घेताना पोर नेहमीपेक्षा खारट लागलं, वारंवार खोकला येत असला आणि वजन वाढत नसलं, तर आईने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. घामाच्या तपासणीत क्लोराइड ६० मिलीमोल प्रति लिटर किंवा जास्त निघालं, की या आजाराची दाट शंका येते.

निदान झालेल्या घरात दिवस फवाऱ्याने उजाडतो. आधी श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध, मग खारट पाण्याचं धुकं, मग छाती-पाठीवर थापट्या देऊन कफ बाहेर काढणं. अँटिबायोटिकची पाळी सगळ्यांत शेवटी, वाट साफ झाल्यावर. नंतर नेब्युलायझरची वाटी धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण कोरडी होईपर्यंत उघडी ठेवायची. स्यूडोमोनासला ओल फार आवडते.